वारस नोंदीचा भाव

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलो. खुर्चीत तलाठी नव्हता, त्याचा माणूस होता. लाचलुचपतवाल्यांच्या भाषेत ‘खाजगी इसम’. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र चाळून म्हणाला, “पाच हजार ठेवा दादा, फेरफार लगेच टाकतो.” मग आवाज खाली आणून, “बहिणींची नावं लावायची नसतील तर सांगा. त्याचं वेगळं बघू.”

तोवर माझं मन डळमळत होतं. नोंद आपल्या हक्काची, कुणाचं काही हिसकावत नाही. मग पैसे देऊन सोडवली तर पाप कसलं? कौशिक बसू केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना २०११ मध्ये त्यांनीही सुचवलं होतं, की अशा अडवणुकीच्या लाचेत देणाऱ्याला शिक्षा नको, म्हणजे तो तक्रार करायला पुढे येईल. देणारा आणि घेणारा सारखे दोषी नसतात, हे मलाही पटतं. पण त्या टेबलावर माझा हक्क आणि बहिणींचा हक्क एकाच गल्ल्यावर विकायला ठेवले होते, आणि माझ्या पाच हजारांवर ते दुकान चालणार होतं.

पैसे दिले नाहीत. ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरून पोच घेतली. नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याकडे हेलपाटे. तेवढ्यात पेरणी आली. सातबारा नावावर नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज हुकलं, खत-बियाणं व्याजाच्या पैशांनी आणलं. ज्याची पेरणी अडलेली नसते, त्याला ‘लाच देऊ नका’ म्हणायला काय जातं!

म्हणून शवागारातून बापाचं प्रेत सोडवायला ज्यानं नोट काढून दिली, त्याला मी नीती शिकवणार नाही. एवढंच सांगेन, की कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. मात्र जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण मिळतं. गप्प बसलात, की तुम्हीही त्याच पंगतीत.

जमलं तर पैसे हातातून सुटण्याआधीच लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर फोन करा. मागणी फोनवर झाली असेल तर रेकॉर्डिंग पुसू नका. विभागाचे लोक आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा लावतात. त्या नोटा समोरच्यानं मागितल्याशिवाय पुढे करू नका. मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या नोटा सापडून खटला टिकत नाही.