शंकाविष

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १२, अध्याय ५ व ६



गेल्या श्रावणात गावी गेले होते, नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कोरीटला. कपाशीवर फवारणी चालू होती. ओट्यावरचा औषधाचा रिकामा डबा मी उचलून बाजूला ठेवला, हात साबणाने धुतले. एवढंच झालं. पण पुण्याला परतले आणि मनात घुसलं, विष अंगात गेलं असेल तर? मग दहा-दहा वेळा हात धुणं, मेसच्या ताटाचा वास घेणं, भरलेली पाण्याची बाटली ओतून देणं. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

परीक्षित राजाला सातव्या दिवशी तक्षक डसणार होता. महाभारताच्या आदिपर्वात तो एका खांबावरच्या महालात राहतो. वैद्य, औषधं, मंत्र जाणणारे जवळ ठेवतो. तरी तक्षक फळातल्या किड्याच्या रूपात आत येतोच. भागवतात तोच राजा गंगेकाठी बसून शुकदेवांना विचारतो, मरणाऱ्या माणसाने काय करावं? आणि आजच्या अध्यायात तो म्हणतो, आता मला तक्षकाचं भय नाही. विष दोन्हीकडे आलं. इथे मात्र भय आधीच गेलं होतं.

माझ्याकडे तर तक्षकही नव्हता, नुसता महाल होता!

चरकसंहितेत याला ‘शंकाविष’ म्हटलंय. अंधारात काहीतरी टोचतं, माणसाला वाटतं विषारीच असणार, आणि त्या धास्तीनेच ताप, उलटी, मूर्च्छा येते. उपाय काय? साखर, द्राक्षं, मध, मंत्राचं पाणी शिंपडणं आणि धीर देणं. म्हणजे त्रास खरा असतो, त्याला हसायचं नाही.

मी ठरवलं, हात एकदाच धुवायचे. पुन्हा धुवावेसे वाटले तर तसंच बसून राहायचं. पहिल्या दिवशी रडू आलं. समुपदेशकांकडेही जाते, नामस्मरण आणि उपचार यांचं भांडण नाही.

औषध खरंच अंगावर सांडलं तर मात्र कपडे बदला, साबण-पाण्याने अंग धुवा, लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा. ही काळजी. करून झालेलं पुन्हा पुन्हा करायला लावते, ती शंका.

या दिवाळीत त्याच ओट्यावर बसून आजीच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली. वास न घेता.

आजचा संकल्प : तुमच्या महालाची एक खिडकी आज उघडा.

राम कृष्ण हरि 🙏