फाइल आपल्या हातात राहू दे

पोरी, टाकी भरली की वाजणारा तुझा अलार्म जनरल पर्पज बोर्डवर चालला, हे ऐकून फार आनंद झाला. आता त्याचा नीट छापील बोर्ड करायचा आहे आणि फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तू विचारलंस. उत्तर आधीच देतो: कीकॅड. पण नुसतं नाव घेऊन जाऊ नकोस. निवडायचं कसं ते कळलं, तर पुढे मला विचारावं लागणार नाही.

वीस वर्षांपूर्वी मी एका कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर वापरायचो. फार सोपं होतं. त्याच्या फायली मात्र फक्त त्यातच उघडायच्या. पुढे कॉम्प्युटर बदलला आणि नव्यावर ते बसेना. माझी अकरा डिझाइन्स डिस्कवर होती, पण वाचता येत नव्हती. शेवटी जुने बोर्ड उजेडासमोर धरून एकेक ट्रॅक कागदावर उतरवला. त्या दिवसापासून फुकट आणि खुलं या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो. फुकट दिलेलं काढून घेता येतं.

म्हणून पहिली परीक्षा ही. एक छोटं सर्किट काढ, सेव्ह कर आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघड. कीकॅडची फाइल साध्या मजकुराची असते. कुठला भाग कुठे आहे, कुठला ट्रॅक कुठून कुठे जातो, हे डोळ्यांनी वाचता येतं. उद्या कीकॅड राहिलं नाही तरी कुणीतरी ती फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहू शकेल. मुळात ते राहील, असंच मला वाटतं. ग्रेनोबलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतले ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं आणि २०१३ पासून सर्न ही युरोपची अणुसंशोधन संस्था त्याच्या कामात हातभार लावत आली. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे ते एका मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

ईगलचं नाव तुला जुन्या प्रकल्पांत सारखं दिसेल. हौशी लोकांची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. फुकट आवृत्तीत बोर्ड ८० चौरस सेंटिमीटरच्या आत आणि दोनच थर, अशी मर्यादा असायची. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं आणि जून २०२६ मध्ये ते बंद होणार, हे कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलं. ईगलच्या सहाव्या आवृत्तीपासूनच्या फायली कीकॅडमध्ये उघडतात, तेव्हा तसला जुना प्रकल्प सापडला तर सोडू नकोस.

ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालतं, आणि पहिला बोर्ड त्यात एका संध्याकाळी होतो हे खरं आहे. तुझ्या मैत्रिणी ते वापरत असतील तर त्यांना नावं ठेवू नकोस. पण त्यातली भागांची यादी चीनमधल्या एका दुकानाशी बांधलेली आहे आणि आपण भाग आणतो तपकीर गल्लीतून. शिवाय तुमच्याकडे वीज गेली की नेटही जातं. फ्रिट्झिंगचं ब्रेडबोर्डचं चित्र शाळेतल्या मुलांना समजवायला छान आहे. बोर्ड करायला मी ते घेणार नाही.

एक आपल्या घरचंही सांगतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे. त्यात कीकॅडला एनजीस्पाइसची जोड दिली आहे, म्हणजे सर्किट काढून सोल्डरचा एक थेंबही न लावता चालवून बघता येतं. ट्रांझिस्टरच्या बेसला कितीचा रेझिस्टर लावायचा, हा तुझा प्रश्न तिथे सुटेल.

सॉफ्टवेअर कुठलंही घे, बोर्ड वाया जातो तो फूटप्रिंटमुळे, म्हणजे भागाच्या पायांसाठी बोर्डवर आखलेल्या जागांमुळे. बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. मी एकदा एकाचा क्रम दुसऱ्याला लावला आणि दहा बोर्डांवर ट्रांझिस्टर फिरवून बसवावे लागले. कीकॅडमध्ये साध्या ट्रांझिस्टरच्या चिन्हाच्या नावातच सीबीई, ईबीसी असा क्रम लिहिलेला असतो. तो वाच, डेटाशीटशी ताडून बघ, मगच पुढे जा.

स्क्रू कनेक्टर, प्रीसेट, शुगर क्यूब रिले यांच्या बाबतीत तर स्क्रीनवर विश्वासच ठेवू नकोस. आधी भाग विकत आण, व्हर्नियरने पायांमधलं अंतर मोज आणि मग फूटप्रिंट निवड. डिझाइन झालं की शंभर टक्के मापात कागदावर छाप, खाली थर्माकोल ठेव आणि प्रत्येक भागाचे पाय कागदातून आत खोच. पाय वाकडे करावे लागले तर फूटप्रिंट चुकलेला आहे. दोन रुपयांच्या कागदावर हे कळलेलं बरं.

घरीच फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड करणार असशील तर ट्रॅक एक मिलिमीटरचे ठेव. बारीक ट्रॅक टोनर सुटून तुटतात. ट्रे प्लास्टिकचा घे, धातूचा अजिबात नको. आणि खालच्या थराचं चित्र छापताना मिररवर टिचकी मारू नकोस. इस्त्रीने तांब्यावर उमटवताना ते आपोआप उलटतं. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा फसतो.

काम अर्धवट असताना नवी आवृत्ती बसवू नकोस. नव्या कीकॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, आणि तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जुनीच असणार.

अलार्मऐवजी उद्या पंप चालवायचं मनात आलं, तर आधी मला फोन कर. २३० व्होल्टचे ट्रॅक बाकीच्या सर्किटपासून निदान सहा मिलिमीटर लांब हवेत, आणि मोटर थेट त्या छोट्या रिलेवर नको. रिलेने कॉन्टॅक्टर चालव. तो बोर्ड मी स्वतः बघितल्याशिवाय तू प्लगला लावायचा नाहीस.

रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आण, सगळे भाग एका डबीत घालून आण, आणि टाकीत तारा किती किती उंचीवर सोडायच्या आहेत ते मोजून ठेव. थर्माकोलचा तुकडा माझ्याकडे आहे.