आमचा कप्तान

(लेखकाचा एक वर्गमित्र नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी होता. त्याच्या निधनानंतर लेखकाने त्याची ही आठवण लिहिली आहे. संकटात उरलेल्या बळावर कसे उभे राहावे, हे या पाठातून कळते.)

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. गावच्या उर्दू शाळेत आम्ही दोघे एकाच बाकावर बसत असू. त्याचे वडील तांडेल होते. भरती केव्हा येणार आणि ओहोटी केव्हा लागणार, हे वर्गात फक्त त्यालाच ठाऊक असे. म्हणून मुले त्याला 'कप्तान' म्हणत. पुढे तो नौदलात कमांडर झाला; पण आमच्यासाठी कप्तानच राहिला.

शाळा संपली. मी शिक्षक झालो, तो नौदलात गेला. लोणावळ्याच्या 'आय. एन. एस. शिवाजी' या नौदलाच्या संस्थेत त्याने यंत्रांचे शिक्षण घेतले. 1971 साली तो 'विक्रांत'वर होता. 'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ती 1961 साली नौदलात दाखल झाली होती.

1971 च्या डिसेंबरात युद्ध सुरू झाले. त्याच दिवसांत इकडे गावात त्याची आई वारली. त्याला कळवणार कसे? जहाज समुद्रात होते. मुलाच्या जागी मी उभा राहिलो आणि जनाज्याला खांदा दिला.

युद्धानंतर तो रजेवर आला. घरी न जाता थेट कबरस्तानात गेला. परतताना एवढेच म्हणाला, "मास्तर, तुझे ऋण माझ्यावर राहिले."

त्या रात्री मी विचारले, "युद्धात भीती वाटली नाही का रे?"

"वाटली ना! आमच्या जहाजाला चार बॉयलर. त्यांच्या वाफेवर जहाज चालते आणि त्याच वाफेच्या जोराने विमाने डेकवरून उडवतात. त्यातल्या एका बॉयलरला तडा गेलेला. जहाज पूर्ण वेगाने धावू शकत नव्हते. पण म्हणून काय बंदरात बसून राहायचे? जेवढी वाफ होती, तेवढीवर आम्ही काम चालवले."

खरोखरच 4 डिसेंबर 1971 रोजी 'विक्रांत'वरून विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला. हे ठिकाण आज बांगलादेशात आहे.

31 जानेवारी 1997 रोजी 'विक्रांत' नौदलातून निवृत्त झाली. त्याच सुमारास कप्तानही निवृत्त होऊन गावी परतला. तो मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करून देई. मुलांना खाडीत पोहायला शिकवी. पैसे मात्र कोणाकडून घेत नसे.

2009 साली मला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात निकामी झाला. मी शिकवणी बंद केली. लोकांना भेटणेही सोडले. एके दिवशी कप्तान पाटी-पेन्सिल घेऊन आला.

"मास्तर, दोन हात, दोन पाय. तुझे बॉयलर किती?"

मी गप्प राहिलो.

"चार. एकाला तडा गेला. तीन शिल्लक आहेत. चल, डाव्या हाताने अलिफ काढ."

मला राग आला. मी पाटी ढकलून दिली. "मला एकट्याला राहू दे," मी ओरडलो.

त्याने खाली वाकून पाटी उचलली. हळू आवाजात तो म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी इथे नव्हतो, तू होतास. आज मी इथे आहे. मी जाणार नाही."

मी पेन्सिल हातात घेतली. अलिफ म्हणजे एक सरळ रेघ. पण तीही वाकडी आली. तो रोज सकाळी येत राहिला. सहा महिन्यांनी मी डाव्या हाताने पत्र लिहिले आणि शिकवणी पुन्हा सुरू केली.

2014 साली मुंबईत जुनी 'विक्रांत' मोडीत काढली. ती बातमी वाचून कप्तान दिवसभर खाडीकाठी बसून होता. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. ती भारतातच बांधलेली आहे. तो सोहळा आम्ही दूरदर्शनवर पाहिला. त्याचे गुडघे दुखत होते, तरी राष्ट्रगीत लागताच तो ताठ उभा राहिला.

2023 च्या पावसाळ्यात कप्तान गेला. जनाजा निघताना कोणीतरी म्हणाले, "मास्तर, तुमचा हात असा. तुम्ही राहू द्या."

मी डावा खांदा पुढे केला.

हा पाठही मी डाव्या हातानेच लिहिला आहे. अक्षर अजून थोडे वाकडे येते; पण येते.

शब्दार्थ
तांडेल – होडीचा किंवा गलबताचा प्रमुख
युद्धनौका – लढाईचे जहाज
ऋण – कर्ज, उपकार
तडा – चीर, भेग
निकामी – काम न करणारा
मोडीत काढणे – निरुपयोगी म्हणून तोडून टाकणे

स्वाध्याय
1. वर्गातली मुले लेखकाच्या मित्राला 'कप्तान' का म्हणत?
2. "तुझे ऋण माझ्यावर राहिले," असे कप्तान केव्हा आणि का म्हणाला?
3. 'विक्रांत'च्या बॉयलरची गोष्ट लेखकाला कशी उपयोगी पडली?
4. तुमच्या एखाद्या मित्राने अडचणीत केलेल्या मदतीविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.