टाउंगचे मूल

मानव हा कपिसदृश पूर्वजांपासून उत्क्रांत झाला, हे विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य होते. वाद होता तो क्रमाविषयी. मेंदू आधी मोठा झाला, की दोन पायांवर चालणे आधी आले? पुष्कळ युरोपीय पंडितांचा कौल मेंदूच्या बाजूने होता. मनुष्याचे श्रेष्ठत्व बुद्धीत आहे, तेव्हा बुद्धीच प्रथम आली असली पाहिजे, ही कल्पना मनाला सुखावणारी होती. इंग्लंडातील पिल्टडाउन येथील अवशेष १९१२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा तिला बळकटी आली. त्यांतील कवटी मोठी व मानवी, तर जबडा वानराचा होता.

१९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील चुनखडीच्या खाणीतून काही दगड जोहान्सबर्ग येथे रेमंड डार्ट या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आले. त्यांतील एका दगडाला मेंदूचा आकार होता. कवटीच्या पोकळीत गाळ साचून व घट्ट होऊन तो साचा बनला होता. दुसऱ्या दगडात चेहरा दडलेला होता. विणकामाच्या सुयांसारख्या साध्या साधनांनी डार्ट यांनी तो कित्येक आठवडे खपून मोकळा केला. तो एका बालकाचा चेहरा होता. दुधाचे सर्व दात आलेले, पक्की दाढ नुकतीच उगवू लागलेली. ते मृत्युसमयी तीन-चार वर्षांचे असावे, असे आज मानतात. डोळ्यांच्या खोबणींतील खुणांवरून ते एखाद्या गरुडाचे भक्ष्य झाले असावे, असेही अनेक संशोधकांचे मत आहे.

डार्ट यांचे लक्ष वेधले ते कवटीच्या तळाच्या छिद्राने. या छिद्रातून मेंदू मज्जारज्जूशी जोडलेला असतो. कुत्र्याचे डोके कण्याच्या पुढे असते, म्हणून त्याच्या कवटीत हे छिद्र मागच्या बाजूस असते. मनुष्याचे डोके ताठ कण्यावर तोललेले असते, म्हणून ते तळाच्या मध्याजवळ असते. शाळेच्या संग्रहातील कवटी उलटी करून पाहिल्यास हे सहज दिसेल. टाउंगच्या बालकात ते बरेच पुढे होते, आणि मेंदू मात्र सुमारे ४०० घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान! हा प्राणी ताठ चालत असला पाहिजे, असे डार्ट यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकॅनस’ हे नाव दिले.

आर्थर कीथ यांच्यासारख्या जाणकारांनी हे मानले नाही. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. वानरांची पिल्लेही प्रौढ वानरांपेक्षा माणसासारखी दिसतात. एका पिल्लावरून जातीचा निर्णय कसा करावा? उत्तरासाठी प्रौढ अवशेष हवे होते. ते रॉबर्ट ब्रूम यांना १९३६ पासून स्टर्कफोंटेन येथे मिळू लागले. १९४७ मध्ये कटीची हाडेही सापडली. ती रुंद व आखूड, उभ्या चालीला साजेशी होती. त्याच वर्षी कीथ यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. पिल्टडाउनचा निकाल १९५३ मध्ये लागला: मानवी कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून, दात कानशीने घासून व रंग चढवून केलेली ती लबाडी होती.

पुढे १९७८ मध्ये टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पाऊलखुणांची रांग उघडी झाली. त्या सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या असून त्यांत हातांचे ठसे नाहीत. ज्यांच्या त्या मानल्या जातात, त्यांचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता.