चित्र आणि पुरावा : डॉ. कोटणीसांच्या निमित्ताने

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे डोळ्यांपुढे येतात. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एका साधनाकडे वळावे लागते. ते म्हणजे छायाचित्र आणि चित्रफीत. कागदावरचा मजकूर आपण चार ठिकाणी पडताळून पाहतो. पडद्यावरचे दृश्य मात्र ‘प्रत्यक्ष पाहिले’ म्हणून खरे धरतो. फसगत होते ती येथेच.

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जेथे शेजारी नांदतात, त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचेच उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने जे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून निघाले आणि १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीवर गेले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी निधन पावले. वय अवघे ३२ वर्षांचे. पाचांपैकी चौघे परतले. एक तेथेच राहिला.

त्यांची कथा घरोघर पोहोचविली ती व्ही. शांताराम यांनी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या पुस्तकावर आधारलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट १९४६ साली प्रदर्शित झाला. नायकाची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. प्लेगची भयंकर साथ, जपान्यांच्या हाती सापडणे, तेथून सुटका, हे त्यातील ठळक प्रसंग होत. कोटणीस म्हटले की अनेकांच्या मनात शांतारामांचाच चेहरा उभा राहतो. बत्तिशीत गेलेल्या डॉक्टरांची जागा चाळिशी ओलांडलेल्या नटाने घेतली, आणि अपस्मार विसरून प्लेग तेवढा लक्षात राहिला!

मग हा बोलपट खोटा म्हणून टाकून द्यावा काय? मुळीच नाही. तो १९४२ च्या चीनचा पुरावा नाही. पण १९४६ च्या मुंबईचा अस्सल पुरावा आहे. युद्धकाळात कच्ची फिल्म परदेशातून येई व तिची टंचाई होती. सरकारने बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली होती, आणि फिल्मच्या वाटपावरही सरकारचेच नियंत्रण होते. १९४३ पासून ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’चे प्रचारपट चित्रगृहांत सक्तीने दाखवावे लागत. चीन हे मित्रराष्ट्र, म्हणून विषय राज्यकर्त्यांना चालण्याजोगा; आणि नायक काँग्रेसने धाडलेला डॉक्टर, म्हणून प्रेक्षकांना तो आपला. एकाच कथेने दोन्ही बाजू कशा सांभाळल्या, हे त्या बोलपटात पाहावयास मिळते.

आता प्रत्यक्ष रणभूमीवरील चित्रणाकडे वळू. डच चित्रपटकार योरिस इव्हेन्स १९३८ साली चीनमध्ये चित्रण करीत होते. त्यांना येनानला जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी आपला हातातला कॅमेरा आणि फिल्म येनानच्या चित्रण-पथकासाठी देऊन टाकली. त्या पथकातील वू यिनश्येन यांनी १९३९ साली एका देवळात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. बेथ्यून यांचे छायाचित्र टिपले, ते पुढे जगप्रसिद्ध झाले. कोटणीसांनी नंतर ज्या परिस्थितीत काम केले तिची कल्पना अशा चित्रांवरून येते. तथापि वू हेही एका पक्षाच्या सैन्याबरोबर होते. कॅमेरा कोणाच्या बाजूस उभा आहे, हे अस्सल छायाचित्राबाबतही विचारावेच लागते.

म्हणून अभ्यासकाने कोणत्याही चित्रापुढे चार प्रश्न ठेवावेत : हे कोणी टिपले? केव्हा व कोठे? कोणासाठी? आणि चौकटीबाहेर काय राहिले?

अर्थात प्रश्न विचारण्यासाठी चित्र आधी टिकले पाहिजे. त्या काळची नायट्रेट फिल्म स्फोटक आणि अल्पायुषी. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळसे मूकपट नाहीसे झाले होते. जानेवारी २००३ मध्ये तेथील नायट्रेट रिळांना आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा भस्मसात झाला.

घरच्या ट्रंकेतील छायाचित्रांना आगीचीही गरज नसते. त्यांतील माणसांची नावे जाणणारे शेवटचे वृद्ध निघून गेले की ती मुकी होतात. विद्यार्थ्यांनी या सुटीत आजी-आजोबांजवळ बसावे, आणि प्रत्येक छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवावे. उद्याच्या अभ्यासकाच्या चार प्रश्नांपैकी निदान दोहोंची उत्तरे त्यात मिळतील.