कशावरून?

‘बाबा दुबईला गेलेत.’ आपल्यापैकी किती घरांत मुलांना हेच सांगितलं असेल! कारागृहाबाहेर मुलाखतीच्या रांगेत बायका बोलायला लागल्या की कळतं, कुणाचे दुबईला आहेत, कुणाचे बोटीवर, कुणाचे मोठ्या दवाखान्यात. लेकराच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू असतो. वकिलाचे फोन, कोर्टाच्या तारखा, कामावरून मागून घेतलेली सुट्टी, सासूबाईंचं बीपी. या सगळ्यात मुलाला जवळ घेऊन समजावायला त्राण तरी कुठून आणायचं?

पण मूल गप्प असलं तरी त्याचं डोकं चालूच असतं. आपण कारण सांगितलं नाही की ते स्वतःच कारण शोधतं, आणि पुष्कळदा सगळा दोष स्वतःवर घेऊन मोकळं होतं.

माझा धाकटा तेव्हा दुसरीत होता. रात्री दप्तर भरून, वह्यांचे कोपरे जुळवून ठेवायचा. एकदा हळूच म्हणाला, ‘आई, मी आता कधीच हट्ट केला नाही, तर बाबांना सोडतील?’ पोलीस आले त्या दिवशी सकाळी त्याने सायकलसाठी घर डोक्यावर घेतलं होतं. त्याने दोन्ही गोष्टींची सांगड घातली होती.

अशा वेळी आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘वेडा आहेस का? असं काही नसतं.’ मायेनंच निघतं. पण त्याचा हिशेब कुठे चुकला ते त्याला कळत नाही. हे बोलायचं नसतं, एवढंच कळतं.

मी त्याला विचारलं, ‘त्याआधी कधी हट्ट केला होतास?’ ‘खूपदा.’ ‘तेव्हा आले होते पोलीस?’ ‘नाही.’ ‘खालच्या मजल्यावरची छोटी तर रोज हट्ट करते. तिच्या बाबांना नेलं?’ त्याने मान हलवली. ‘पोलिसांनी बाबांना सायकलचं काही विचारलं?’ यावर मात्र तो हसला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे त्याचं त्यालाच कळलं. ओझं लगेच उतरलं नाही. पुन्हा विचारायचा, पुन्हा आम्ही तोच हिशेब मांडायचो.

बाहेरचं जग मात्र एवढं सबुरीनं घेत नाही. ‘खाण तशी माती’ हे शाळेच्या व्हरांड्यातही ऐकू येतं. तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं लेकरू असेल, तर घरी जेवताना आपण काय बोलतो याकडे जरा लक्ष द्या. पोरं तेच वर्गात जाऊन बोलतात. वडिलांवरच्या आरोपावरून मुलाचा स्वभाव कशावरून ठरवायचा?

‘आगीशिवाय धूर निघतो का?’ हेही असंच. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू, निकाल नाही. आत आहे म्हणजे गुन्हा केलाच, असं म्हणता येत नाही. आत आहे म्हणजे निर्दोषच, असंही नाही, आणि हे आपल्या मुलांना सांगणं जास्त जड जातं.

मोठी मुलं विचारतात, ‘बाबा चांगले की वाईट?’ त्यांना एकच उत्तर हवं असतं. आपल्यालाही तेच सोपं वाटतं. पण ज्या माणसाने मुलाला पोहायला शिकवलं, त्याच माणसाच्या हातून दुसऱ्या घराचं नुकसान झालेलं असू शकतं. त्या घरातही मुलं असतात. दोन्ही खरं असू शकतं. तरीही बाबांवर माया करायला परवानगी आहे, हे मुलाला आपल्या तोंडून ऐकायचं असतं. ‘सगळे पोलीस वाईटच’ असं ते म्हणालं तर तिथेही अगदी हळू आवाजात विचारावं, ‘कशावरून?’

आणि हा प्रश्न कधी आपणही स्वतःला विचारावा. ‘आपल्यासारख्यांना कोण विचारतंय?’ असं म्हणून आपण दारं ठोठावतच नाही. आई किंवा वडील कारागृहात असलेली मुलं राज्याच्या बालसंगोपन योजनेत बसतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतो आहे. राज्यातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ होते, तेव्हा काच किंवा जाळी मध्ये न येता मुलांना आईवडिलांना बिलगता येतं. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा तिथे गळाभेटीची चौकशी करा, आणि बालसंगोपनाचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून घेऊन या.