संगणकावरील सामाईक पेढी : कुलूप कोठे ढिले पडते?

आजच्या व्यापारात पत्रव्यवहार, पार्ट्यांचे पत्ते, भेटीच्या तारखा आणि बिलांच्या प्रती एकाच ठिकाणी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. या कामासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्यास ग्रुपवेअर म्हणतात. मालक दुकानात, मुनीम पेढीवर आणि मुलगा सुरतेला खरेदीसाठी गेलेला असला, तरी तिघेही आपापल्या ब्राउझरमधून तीच वही पाहू शकतात. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु ज्या दारापर्यंत आपला माणूस कोठूनही येऊ शकतो, त्याच दारापर्यंत जगातील कोणताही चोर येऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळ व्यापारी बंधूंच्या ध्यानात येत नाही.

हे नीट समजण्यासाठी झिंब्रा या ग्रुपवेअरचे उदाहरण घेऊ. अनेक देशांतील सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे व कंपन्या ते वापरतात. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत त्यात जी छिद्रे सापडली, त्यांतील तीन आपल्याला पुष्कळ काही शिकवतात.

पहारेकऱ्याने हटकले, पण अडवले नाही

झिंब्रामध्ये बाहेरून झिप फाइल आणून टपालपेटीत भरण्याची सोय आहे. या फाइलमध्ये खोटा पत्ता लिहिला तर आतील माल भलत्याच ठिकाणी उतरवता येतो, असे २०२२ साली आढळले. सुरुवातीस कोणी फारसे मनावर घेतले नाही. कारण हे काम फक्त व्यवस्थापकच करू शकतो, असा समज होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये व्होलेक्सिटी या सुरक्षा कंपनीने खरा प्रकार उघड केला. आत येणारा माणूस अधिकृत आहे की नाही, हे सॉफ्टवेअर तपासत होते. नसल्यास "परवानगी नाही" अशी नोंदही करीत होते. पण तेथे थांबण्याचा हुकूम प्रोग्राममध्ये लिहिलेलाच नव्हता! त्यामुळे काम पुढे चालूच राहात असे. पहारेकऱ्याने "पास नाही" म्हणावे आणि दार मात्र उघडेच ठेवावे, तसा हा प्रकार. जगभरातील एक हजाराहून अधिक सर्व्हरांवर चोरांनी आपला छुपा प्रोग्राम बसवल्याचे या कंपनीस आढळले.

टपाल तपासणाराच फसला

दुसरे छिद्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चर्चेत आले. आलेल्या पत्रासोबतच्या फाइलमध्ये व्हायरस आहे काय, हे पाहण्यासाठी झिंब्रातील एक प्रोग्राम ती फाइल उघडून पाहतो. उघडण्यासाठी तो सीपीआयओ नावाचे जुने अवजार वापरी. या अवजारातील दोष २०१५ सालापासून माहीत होता. विशिष्ट रीतीने बांधलेले गाठोडे आले की ते सोडताना आतील फाइल सर्व्हरवर नको त्या जागी जाऊन पडे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणीही पत्र वाचण्याची किंवा कोठे बोट दाबण्याची गरज नव्हती. पत्र येऊन पोहोचले की काम झाले. "मी अनोळखी पत्र उघडतच नाही" असे म्हणणाऱ्यालाही यापासून संरक्षण नव्हते. यावर उपाय साधा होता : पॅक्स नावाचे दुसरे अवजार सर्व्हरवर बसवणे. ते असले की सीपीआयओचा वापर होत नसे. ज्यांनी बसवले ते वाचले.

दुरुस्ती तयार, पण दुकानात पोहोचली नाही

तिसरे प्रकरण २०२३ चे. गूगलच्या तपास पथकास जूनमध्ये आढळले की, ग्रीसमधील एका सरकारी संस्थेला पत्राद्वारे एक लिंक पाठवली जात आहे. झिंब्रा उघडे असताना कोणी ती लिंक दाबली, तर लिंकमध्ये दडवलेला हुकूम झिंब्राच्याच पानातून चालत असे. ब्राउझरला वाटे, हा घरचाच हुकूम आहे. मग त्या माणसाची पत्रे चोराकडे जात आणि पुढे येणारी पत्रेही आपोआप पाठवली जावीत असा नियम गुपचूप लावला जाई.

आता तारखा पाहा. ५ जुलै रोजी कंपनीने दुरुस्तीचा मजकूर सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवला. अधिकृत पॅच मात्र २५ जुलैला निघाला. मधल्या वीस दिवसांत मोल्दोव्हा, ट्युनिशिया आणि व्हिएतनाममधील सरकारी संस्थांवर हल्ले झाले. पॅच निघाल्यानंतरही, ऑगस्टमध्ये, पाकिस्तानातील एका सरकारी संस्थेवर त्याच छिद्रातून हल्ला झाला. म्हणजे औषध निघाले म्हणून रोग जात नाही. ते वेळेवर घ्यावे लागते.

व्यापाऱ्याचे नुकसान कोठे?

"आमच्या पत्रांत असे काय आहे?" असा प्रश्न कोणी विचारील. चोर घाई करीत नाही. तो टपालपेटीत बसून वाचतो. कोणाकडून किती येणे आहे, बिल कधी निघणार, पार्टी कोणत्या भाषेत लिहिते, हे सारे त्याला कळते. मग नेमक्या दिवशी तुमच्या नावाने पत्र जाते : "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी." माल गेलेला असतो, पैसा तिसऱ्याच्या खात्यात जातो, आणि वर्षानुवर्षांचे दोन व्यापारी एकमेकांवर शंका घेऊ लागतात. पैसा कधी ना कधी भरून निघतो. गेलेली पत भरून निघत नाही. पार्टीची माहिती आपल्याकडे अमानत असते, हे विसरू नये.

काय करावे?

१. सर्व्हर स्वतःचा असेल तर पॅच बसवण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवा. "कंपनीवाला बघेल" हे उत्तर नव्हे.

२. पॅच निघाल्यावर महिनाअखेरची वाट पाहू नका. ज्या आवृत्तीला पॅच मिळणे बंद झाले आहे, ती वापरू नका.

३. पॅच बसवला तरी आधी शिरलेला चोर बाहेर पडत नाही. जाणकाराकडून सर्व्हरवर अनोळखी फाइल आहे का, हे तपासून घ्या.

४. व्यवस्थापकाचे दार सर्व इंटरनेटला उघडे ठेवू नका.

५. पासवर्डबरोबर दुसरा कोड मागण्याची सोय जरूर वापरा. पण सॉफ्टवेअरमध्येच छिद्र असेल तर केवळ तेवढ्यावर विसंबू नका.

६. आपली पत्रे आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी लावला आहे का, हे दरमहा पाहा.

७. खाते बदलल्याचे पत्र आले, तर पत्रातील नव्हे, आपल्या जुन्या वहीतील नंबरावर फोन करून खात्री करा. मगच रक्कम भरा.

८. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब बँकेला कळवा व १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी घाई, तितकी रक्कम थांबण्याची आशा अधिक.

ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळणे जमत नाही, त्यांनी भरवशाच्या कंपनीची भाड्याची सेवा घेणे बरे. तेथे पॅच बसवण्याचे काम ती कंपनी करते. मात्र वरील शेवटची तीन कामे भाड्याने देता येत नाहीत. ती मालकानेच करावयाची असतात.

रात्री दुकान बंद करताना आपण कुलूप ओढून पाहतो. संगणकावरील पेढीचे कुलूपही अधूनमधून ओढून पाहावे, एवढेच सांगणे.